खैरनार सरांचे आगाऊ अर्ज

नवा माऊस हातात पडला त्याच दिवशी खैरनार सरांनी पुढच्या माऊससाठी अर्ज केला. हातातल्याचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. मी हसले, तर म्हणाले, हा बंद पडेपर्यंत तो येईल.

अंदाज चुकीचा नव्हता. अंबडमधल्या आमच्या कंपनीत काहीही मागायचं तर पोर्टलवर तिकीट टाकायचं. ते साहेबांकडून पुण्याला, पुण्याहून बंगळुरूला जातं आणि तिथे कुणीतरी रजेवर असतं. गंमत म्हणजे आयटी विभाग आम्हीच. इतरांची तिकिटं आम्ही रखडवतो, आमची बंगळुरूवाले.

बाकीचे वैतागतात, सर वैतागत नाहीत. ते सटाण्याचे, कांदेवाल्यांच्या घरातले. आधी रोप टाकायचं, मग लागवडीचं बोलायचं, हे अंगात मुरलेलं. कुणी कुरकुरलं की त्यांचं एकच, "टाकी ठेव." म्हणजे तिकीट टाकून ठेव, लागेल तेव्हा लागेल. सर्व्हरच्या खोलीतल्या एसीचं तिकीट ते ऐन थंडीत स्वेटर घालून टाकतात. नव्या माणसाची मुलाखत व्हायच्या आधी त्याची खुर्ची मागवतात. एकदा माणूस आलाच नाही, खुर्ची मात्र आली. तिच्यावर आता सरांचा डबा बसतो.

फेब्रुवारीत देवळ्याला माझे वडील पडले. खुब्याचं हाड मोडलं, आणि आईला एकटीला त्यांना उठवणं जमेना. घरून काम करायची परवानगी मिळायला चार महिने लागतात हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण इतर विभागांची ती तिकिटं पुढे पाठवायचं काम माझंच. नोकरी सोडण्यावाचून मार्ग दिसेना. राजीनामा लिहिला आणि सरांपुढे ठेवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावाचं घरून कामाचं तिकीट, सरांनीच टाकलेलं, नोव्हेंबरातलं. तीन मंजुऱ्या झालेल्या, एक बाकी. दिवाळीहून परतल्यावर मी जेवताना म्हणाले होते म्हणे, की हल्ली वडिलांचा तोल जातो. मला आठवतही नव्हतं.

आठवड्याभरात शेवटची मंजुरी आली. लॅपटॉप बॅगेत भरताना मला रडू आवरेना. सरांना विचारलं, मला न विचारताच कसं टाकलंत?

"बायको आजारी होती तेव्हा मी विचारत बसलो होतो," ते म्हणाले. "मंजुरी आली गं. पण ती गेल्यावर, आठ दिवसांनी."

मग तुम्ही काय केलंत, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंजूर होतं ना," ते म्हणाले. "तीन महिने घरून काम केलं."