चेहऱ्यापुरती जागा

कळव्यातल्या एका शाळेने पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतील उज्ज्वल यशाचा फ्लेक्स जूनमध्येच छापून घेतला. परीक्षा व्हायची होती. पण निकालाच्या दिवसांत फ्लेक्सवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा यश आधीच गेटवर लागलेलं बरं, असं मुख्याध्यापक गुणाजी सरांचं मत पडलं.

फ्लेक्सवर चेहरा एकच मावत होता. वर्गात पासपोर्ट फोटो तेवढा प्रितमचा तयार होता. त्या दिवसापासून प्रितम गुणवंत झाला.

छापलेलं खोटं ठरू न देणं ही शाळेची नैतिक जबाबदारी होती. आधी गणिताच्या बाई प्रितमला देण्यात आल्या. मग चालू स्थितीतला पंखा. मग वर्ग. उरलेल्या मुलांना 'पूरक विद्यार्थी' हा दर्जा देऊन जिन्याखाली बसवण्यात आलं. त्यांनी शांतता पुरवायची होती.

रुचिता पूरक होती. तिचं घोडं अपूर्णांकापाशी अडलं होतं. आईने, म्हणजे सोनलने, घरी चपाती तोडून अर्धी आणि पाव मिळून पाऊण करून दाखवली.

"अगं पण आई, पुस्तकात खाली चार लिहिलेत, ते कुठून आणतात?"

याचं उत्तर चपातीत नव्हतं. सोनलचं स्वतःचं गणितही शाळेतच कुठेतरी राहून गेलेलं. मग ती सरांना भेटायला गेली.

"सर, अपूर्णांक कधी घेणार?"

"झाले की, गणपतीच्या आधीच."

"कोणाचे?"

"प्रितमचे," सर म्हणाले. "ताई, रुचिताचं योगदान शाळा विसरणार नाही. जूनपासून तिने एकही प्रश्न विचारलेला नाही."

"तिला येत नाही हो, सर."

"येत नसूनही विचारला नाही. केवढा त्याग आहे."

सोनलने घरी येऊन सगळ्या आयांना फोन लावले. 'सगळ्यांना शिकवा' अशी एकमुखी मागणी ठरली. पालकसभा लागली. बोलायचं सोनलने.

सभेच्या आदल्या दिवशी प्रितमच्या वडिलांना घोडबंदर रोडच्या फ्लॅटची चावी मिळाली आणि त्यांनी प्रितमचा दाखला काढून नेला. तिकडच्या शाळेत म्हणे गुणवंतांची वेगळी बॅच होती.

"फ्लेक्स चांगल्या अवस्थेत आहे," सभेत सर म्हणाले. "फक्त चेहऱ्याची जागा रिक्त झाली आहे. तुमची मागणीही माझ्या कानावर आली आहे. सभेनेच ठरवावं. सगळ्यांना शिकवायचं, की जागा भरायची?"

सभेत शांतता पसरली. पूरक विद्यार्थ्यांनाही इतकी जमली नव्हती. मग इकडून तिकडून पर्सच्या चेनी उघडल्याचे आवाज येऊ लागले. विमलाबाईंनी तर नातवाचे दोन फोटो काढले, एक हसरा, एक अभ्यासू.

सोनल सगळ्यांच्या वतीने बोलायला उभी राहिली होती. उभीच असल्यामुळे रुचिताचा फोटो सरांच्या टेबलावर सर्वांत आधी पोहोचला.

"आई, आता अपूर्णांक शिकवणार ना?" घरी रुचिताने विचारलं.

"तुला शिकवतील बहुतेक."

"आणि बाकीच्यांना?"

"ते सर बघतील गं. तू आधी केस विंचर. मोठा फोटो मागितला तर?"

निर्णय अजून विचाराधीन आहे. तोवर गेटवरच्या फ्लेक्सवर चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद डकवला आहे. कधी कळव्याला आलात तर त्याच्यासमोर जरा उभे राहा. तुमच्या मुलाचा चेहरा तिथे अगदी बरोबर बसेल.