साखरेच्या यंत्राला नोटीस

निरीक्षकसाहेबांच्या बोटावरच्या रक्ताच्या मोहरीएवढ्या थेंबाने साखर मोजायच्या यंत्रावर तीनशे बेचाळीस हा आकडा दाखवला, आणि साहेबांनी तत्क्षणी यंत्र ताब्यात घेतले.

"सदोष आहे," ते म्हणाले.

"अहो, कालच आलंय ते! खोकं आत्ता माझ्या हातानं फोडलं," साहेबांच्या पत्नी, बाई, म्हणाल्या.

"नवी यंत्रंच जास्त खोटं बोलतात. जुन्यांना निदान लाज असते."

साहेब तीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. शहरातल्या दुकानांचे काटे तपासावेत, खऱ्यांवर मुद्रा उमटवावी, खोटे जप्त करावेत, हे त्यांचे काम. मोजणारी वस्तू आणि मोजली जाणारी वस्तू यांत तंटा झाला, तर गुन्हेगार मोजणारी, हा त्यांचा सिद्धान्त. गेल्या दोन महिन्यांत तो घरातही लागू झाला होता. तहान वाढली, तेव्हा पाण्याची बाटली लहान ठरली. अक्षरे धूसर झाली, तेव्हा चष्मेवाल्याला समज मिळाली. पँट कमरेवरून घसरू लागली, तेव्हा पट्ट्याचे चामडे हलके निघाले. त्या पट्ट्याला दोन नवी भोके बाईंनी तापलेल्या खिळ्याने पाडून दिली होती, आणि प्रत्येक भोकासरशी त्यांचा जीव एकेक बोट खाली सरकला होता. म्हणून तर त्यांनी परिचारिका असलेल्या धाकट्या बहिणीकडून हे यंत्र मागवले होते.

बाईंनी तिलाच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"भाऊजी, चाचणीआधी काही खाल्लं होतं?"

"द्राक्षं. चार-पाच."

"घडच्या घड!" बाई मागून ओरडल्या.

"मग बोटाला रस लागला असेल, आकडा थोडा फुगतो त्यानं. हात साबणानं धुवा, नीट पुसा, पुन्हा बघा."

साहेबांचा चेहरा उजळला. शल्यविशारदाच्या गांभीर्याने त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले. यंत्राने विचार केला आणि सांगितले : तीनशे अठरा.

"बघा! पाच मिनिटांत चोवीसचा फरक! असा काटा मी बाजारात क्षणभर ठेवला नसता."

"भाऊजी, फरक जाऊ द्या, आकडा बघा. दोन्ही वेळा तीनशेच्या वर. तहान आहे, वजन उतरलंय, रात्री चारदा उठता. आजच्या आज डॉक्टर गाठा. आणि उलट्या, धाप, गुंगी असं काही वाटलं, तर दवाखान्याची वेळसुद्धा बघायची नाही, थेट हॉस्पिटल."

"माहितीपत्रकात पंधरा टक्के फरक मान्य केलाय," साहेब भिंग लावून वाचत होते.

"बरं, मग पंधरा टक्के वजा करा."

साहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. उत्तर दोनशे सत्तर आले. त्यांनी ते कुणालाही सांगितले नाही.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर नोटीस तयार झाली. 'सदर यंत्राने गृहस्वामीच्या रक्ताविषयी अवास्तव विधाने केल्याचे निदर्शनास आले आहे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत सदर यंत्राचे म्हणणे ग्राह्य धरले जाणार नाही.' यंत्रास एक प्रत देण्यात आली, म्हणजे ती त्याच्याखाली सरकवण्यात आली.

"आता त्याला उत्तर द्यायला किती दिवस?" बाईंनी विचारले.

"सात."

"आणि तुम्हाला किती आहेत, ते विचारलंत का कुणाला?"

साहेबांनी बाटली तोंडाला लावली. पाणी पिताना बोलायचे नसते.

पडताळणीसाठी मानक वजन लागते. काट्याच्या एका पारड्यात खात्याचे खरे किलो ठेवले की दुसऱ्या पारड्याची नियत कळते. पण खऱ्या साखरेचा माणूस कुठून आणावा? दुसऱ्या दिवशी साहेबांना कोपऱ्यावरचा वाणी आठवला. तो दहा वर्षांचा मुरलेला मधुमेही, आणि उद्याच सकाळी प्रयोगशाळेत रक्त देणार होता.

"म्हणजे मी तुमचं किलो?" वाणी खूश झाला. "येतो की! अहो, माझ्या काट्यात दहा ग्रॅम सापडले, तेव्हा तुम्ही काटा उचलून नेलात. आज तुमच्यात दोनशे जास्त सापडलेत, तर उचललं कुणाला? पुन्हा यंत्रालाच!"

"दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत."

"आहेतच. मी काटा बदलला."

तिसऱ्या दिवशी वाणी प्रयोगशाळेतून उपाशीपोटीच थेट साहेबांकडे आला. त्याच्या रक्ताचा यंत्रावरचा आकडा साहेबांनी पाकिटात घातला, लाख ओतून मोहोर केली. ती वाळायच्या आत खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. इतकी वर्षे कर्तव्यावर असताना ते कधी पेंगले नव्हते. बाईंनी त्यांच्या नाकापुढे तळहात धरून पाहिला आणि मग स्वतःवरच चिडून त्यांना गदागदा हलवले.

दुपारी अहवाल आला : एकशे अडतीस. साहेबांनी लाख फोडली. पाकिटात होते एकशे चव्वेचाळीस.

"सहाचा फरक," वाणी म्हणाला. "पास की नापास, साहेब?"

साहेबांच्या समोर दोन वाटा होत्या. एक वाट यंत्राला नापास करण्याची, म्हणजे तीस वर्षांच्या सचोटीला स्वतःच्या हाताने खोटे वजन लावण्याची. दुसरी वाट सरळ होती आणि म्हणूनच भयंकर होती. त्यांनी शिक्का काढला, शाईत बुडवला, यंत्राच्या पाठीवर चिठ्ठी डकवून तिच्यावर उमटवला आणि खाली सही केली : 'तपासले. अचूक.'

"झालं?" बाई म्हणाल्या. "आता बोट."

यंत्राने सांगितले : तीनशे एकतीस.

साहेबांनी यंत्र उलटे करून स्वतःची सही पाहिली. त्या सहीच्या विरोधात या शहरात आजवर कुणाचेही काही चालले नव्हते. त्यांनी मुकाट्याने पट्टा आवळला आणि चपला पायात सरकवल्या.

डॉक्टरांनी आधी वजनकाट्यावर उभे केले. सात किलो कमी. सवयीने साहेब खाली वाकले, काट्याच्या बुडाशी मुद्रा शोधू लागले, आणि ती त्यांचीच निघाली. ते सरळ उभे राहिले.

"तीनशेच्या वर पहिल्यांदा कधी आला आकडा?" डॉक्टरांनी विचारले.

"परवा."

"मग मधले दोन दिवस काय केलंत?"

"यंत्राची प्रकृती बघत होते," बाई म्हणाल्या. साहेबांच्या दंडावरची त्यांची पकड मात्र सुटली नव्हती.

डॉक्टर हसले नाहीत. "आणखी दोन दिवस बघत बसला असतात, तर चालत आला नसतात, तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं. आत्ता लगेच रक्त-लघवी तपासू, औषध आजच सुरू. आणि रोजचे आकडे वहीत लिहायचे."

वही हा शब्द ऐकून साहेबांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत प्रथमच रक्त दिसले.

घरी परतल्यावर त्यांनी पट्टीने रकाने आखले : दिनांक, वेळ, आकडा, शेरा. तिन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहिले. मग शेऱ्याचा रकाना भरला. बाई पाण्याची बाटली भरून आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

सुवाच्य सरकारी अक्षरात तिथे लिहिले होते : 'यंत्र निर्दोष. धारक सदोष, परंतु दुरुस्तीस पात्र. पुढील पडताळणी तीन महिन्यांनी.'

"आणि जप्ती?" बाईंनी विचारले.

साहेबांनी एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि टेबलावरचा द्राक्षांचा घड निमूटपणे त्यांच्या ताब्यात दिला.