घरतदादा आणि कीव्हचा दुसरा संघ

घरतदादांनी मला इतक्या वर्षांत एकदाही "कसा आहेस" असं विचारलं नाही. मी समोर आलो की ते आधी माझ्या चपलांकडे बघत, मग सावकाश वर डोक्यापर्यंत येत आणि सांगत, "अडुसष्ट. दिवाळीला सत्तर व्हतास. काय झाला?" मला काहीच झालेलं नसे. पण घरी जाऊन मी बायकोला विचारत असे, की मला काही झालंय का. ती म्हणे, तुम्हालाच माहीत नाही तर मला कसं माहीत असणार. अशा रीतीने माझे कित्येक रविवार गोंधळात गेले आहेत.

दादांचं पूर्ण नाव बाळाराम घरत. मूळचे कळंबोलीजवळच्या एका गावचे. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा पनवेलला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायला आले. आधी, गावात असतानाच, पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत तराजूवर होते, मग कळंबोलीच्या लोखंड बाजारात धर्मकाट्यावर लागले. ट्रक भरलेला येतो, त्याचं वजन करायचं. रिकामा होऊन परत येतो, पुन्हा वजन करायचं. मधला फरक म्हणजे माल. दादांना आख्खं जग असं दोनदा काट्यावर चढताना दिसे. कोणी लग्नाहून आलं तर विचारत, "भरून आलास का रिकामा?" एकदा एका रिसेप्शनला ते स्टेजवर गेले, नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि आशीर्वादाच्या जागी "ब्याऐंशी किलो" एवढंच बोलून खाली उतरले. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या सांगण्यावरून दवाखान्यातला वजनकाटा दुरुस्त करून आणला होता. तो खरोखरच दीड किलो कमी दाखवत होता.

मी बँकेत कारकून. पण दादांच्या लेखी मी 'रशेनवाला भाऊ' होतो. त्याचं असं झालं, की तरुणपणी कोणीतरी मला सांगितलं, रशियन शीक, मोठमोठ्या कारखान्यांत दुभाष्याच्या नोकऱ्या पडल्या आहेत. मी मुंबईला जाऊन वर्षभराचा कोर्स केला. सर्टिफिकेट हातात आलं आणि पाठोपाठ तो देशच फुटला. सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलं होतं, ते मी आणायलाही गेलो नाही. ही गोष्ट मी दादांना एकदाच सांगितली होती, तीही हसण्यावारी न्यावी म्हणून. दादा हसण्यावारी काहीच नेत नसत.

तर एका रविवारी ते एक हिरवा पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आले. त्या सुमारास न्हावा-शेवाच्या बंदरात परदेशातून भंगार उतरायचं आणि त्यातलं बरंचसं कळंबोलीला यायचं. त्यातल्या एका ट्रकने दादांना दोन दिवस झोपू दिलं नव्हतं. रिकामा झालेला तो ट्रक नेहमीपेक्षा दहा किलो जास्त भरत होता. ड्रायव्हर म्हणाला, जाऊ द्या हो. दादांनी जाऊ दिलं नाही. स्वतः वर चढले, तर कोपऱ्यात वाकलेल्या पत्र्याखाली हा डबा अडकलेला. भंगाराचे शेठ म्हणाले, घेऊन जा घरी.

डब्यात लोखंडी पाती ठोकलेले दोन जोडी बूट होते, काळ्या रबराची एक जाड चकती होती आणि एक जाडजूड वही होती. चकती ट्रकच्या कुठल्या भागात बसते यावर बाजारात आधीच वाद होऊन गेला होता. मी वही उघडली. अक्षरं रशियन. मी माळ्यावरचा जुना शब्दकोश काढला. तासाभराने एवढं लागलं, की ही वही कीव्ह नावाच्या शहरातल्या एका संघाची आहे, खेळ बर्फावरची हॉकी, ती चकती म्हणजे त्यांचा चेंडू, आणि हा त्यांचा मुख्य संघ नसून दुसरा संघ आहे. मुख्य संघाला लागतील तशी पोरं तयार करून द्यायची, हे याचं काम.

पुढचं मात्र लागेना. वहीच्या पहिल्या पानावर जो देश होता तो शेवटच्या पानावर नव्हता. संघाचं नाव मधे तीनदा बदललं होतं. एकदा कारखान्याचं, मग शहराचं, मग कुठल्याशा व्यापारी कंपनीचं. अर्ध्यानंतर भाषाही बदलली. मी शिकलो त्यात नसलेली अक्षरं निघू लागली. म्हणजे एक संघ तिथल्या तिथे, त्याच गल्लीत, त्याच बर्फावर उभा, आणि त्याच्याभोवती देश, भाषा, नाव सगळं बदलतंय. मला माझ्या सर्टिफिकेटची फार आठवण आली.

प्रत्येक हंगामाच्या पानावर नावांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे. एकाहत्तर, अडुसष्ट. चौऱ्याहत्तर, सत्तर. मी दादांना म्हटलं, हे गोल असावेत, फारच जबरदस्त संघ दिसतो.

दादांनी वही माझ्या हातातून ओढून घेतली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बँकेत नोकरी कशी करतो याचं त्यांना आश्चर्य वाटत असावं.

"गोल कुठला? पोरांची वजना हायत. एक येताना, एक जाताना."

आणि होतंही तसंच. वर बारीक अक्षरात एकीकडे ऑक्टोबर आणि दुसरीकडे एप्रिल लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. शब्दकोश माझ्याकडे होता, पण वही वाचली ती दादांनी. काही नावांपुढे वर जाणारा बाण होता. "हा वर गेला," दादा म्हणाले. "मोठ्या टीममधे. म्हणून याचा जातानाचा वजन नाय." असे बाण दर पानावर चार-पाच. म्हणूनच पानाखालच्या क्रमवारीत संघ कायम तळाला. जरा कोणी बरा खेळू लागला की उचलून नेलाच.

मी गोंधळून विचारलं, की मग पोरगा वर जाणं हा या संघाचा फायदा की तोटा?

"दोनी," दादा म्हणाले. "पेढे वाटायचे, आन घरी येऊन दार लावून बसायचा."

त्या दिवशी मला कळलं, की गावात दादांचं कबड्डीचं मंडळ होतं. स्पर्धेला वजनाची अट असायची, म्हणून दर हंगामात दादा पोरांना गिरणीवर आणून तराजूच्या पारड्यात बसवत आणि दुसऱ्या पारड्यात मापं टाकत. कोणी किलोभर जास्त भरला तर त्याला खाडीच्या बांधावर पळवत. मुंबईच्या कंपन्यांचे लोक सामने बघायला यायचे आणि चांगला पोरगा नोकरी देऊन घेऊन जायचे. दादा कधी वर गेले नाहीत. पुढे मैदानही गेलं. तिथे आता ट्रक उभे राहतात. हे सगळं त्यांनी ट्रकचा नंबर सांगावा तसं सांगितलं, आणि चहा अर्धा टाकून उठले.

पुढचं वर्षभर लोखंड बाजाराच्या चहाच्या टपरीवर कीव्हच्या दुसऱ्या संघाचा इतिहास चालू होता. सांगणारे दादा. त्यात किरिलो नावाचा एक गोलरक्षक होता. सात हंगाम नाव, सात हंगाम बाण नाही. त्याच्याबद्दल बोलताना दादांचा आवाज खाली येई. टपरीवाल्याची समजूत होती, की कीव्ह काश्मीरच्या वरच्या अंगाला आहे. एक क्रेनवाला रोज विचारी, फायनल कधी हाय? आणि मी कधी तिथे गेलो, की सगळे माझ्याकडे बघत. मला काहीच माहीत नसे. दादा सांगत होते ते खरं की आपण शिकलो ते, हेही हळूहळू समजेनासं झालं.

मग दादांनी एक दिवस वहीची शेवटची पानं माझ्यासमोर धरली. शेवटचे तीन हंगाम. मी म्हटलं, नावं कमी झालीत.

"नावा सोड. येतानाची वजना बघ. आधी पोरगा ऑक्टोबरात भरून यायचा. आता येतानाच रिकामा येतोय." त्यांनी बोट खाली खाली नेलं. "पोरा उपाशी हायत, भाऊ."

वर्तमानपत्रात त्या देशाबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. ते तेव्हा शिरलं. शेवटच्या पानावर एकच नाव होतं, स्तेपान. प्रत्येक पानाखाली ज्याची सही होती तो. संघाचा प्रशिक्षक. पोरं संपली तेव्हा त्याने स्वतःचं वजन केलं होतं. अठ्ठावन्न. पुढे कोरं.

तेव्हापासून दादांना एकच ध्यास लागला, की हा स्तेपानदादा जिवंत आहे का. वहीवर शिक्का होता, शिक्क्यात पत्ता होता. मी समजावलं, की तिथे गल्ल्यांचीसुद्धा नावं बदलली असतील. दादा म्हणाले, तू लिव. मग मी माझ्या गंजलेल्या रशियनमध्ये दादांचं पत्र लिहिलं. त्यात नमस्कार वगैरे काही नव्हतं. वही आमच्याकडे आहे, भिजलेली नाही, पाठवू का. किरिलोचं काय झालं. आणि तुमचं आत्ताचं वजन किती. मी म्हटलं, दादा, अनोळखी माणसाला पहिल्याच पत्रात वजन कोणी विचारत नाही. दादांना हे मुळीच पटलं नाही. मग दुसरं काय विचारतात, असं त्यांनी मला विचारलं आणि मी ती ओळ लिहून टाकली.

सात-आठ महिने दादा रोज पोस्टमनला अडवत. त्याचं वजन या काळात तीन किलोंनी उतरल्याचं त्यांनी त्याला कळवलं. आणि एक दिवस खरंच पत्र आलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांतलं. मला लावायला चार दिवस लागले. दादा चारही दिवस दारात उभे.

स्तेपानने लिहिलं होतं, की वही तुमच्याकडेच राहू द्या, इथे ठेवायला जागा नाही. बर्फाचा हॉल बंद आहे, कारण बर्फ करायला वीज परवडत नाही. (एवढ्या थंड देशात बर्फाला वीज लागते, हे दादांना मी तीन वेळा सांगितलं. त्यांना मी चुकीचं वाचतोय असंच वाटलं.) किरिलो ट्रक चालवतो. हे ऐकून दादा उठून उभे राहिले. "कुठला? सहा चाकी का दहा चाकी?" ते पत्रात नव्हतं. मग लिहिलं होतं, माझं वजन चौसष्ट आहे, तब्येत उत्तम.

दादांचा चेहरा उतरला. "चौसष्ट?" ते म्हणाले. "अठ्ठावन्नवरना चौसष्ट? या वयात? तिकडं खायला नाय आन हा चढतोय? खोटा लिवतोय." त्यांना मनापासून राग आला होता. आयुष्यभर वजनं लिहिणाऱ्या माणसाने असं करावं, हे त्यांना सहन होईना. माझ्याकडे बघत होते, जणू मीच सहा किलो वाढवलेत.

मी म्हटलं, अजून एक ओळ आहे. त्यांनी विचारलंय, आणि तुमचं वजन किती?

दादांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, बासष्ट असंल. हे 'असंल' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझं वजन ते मला इतकी वर्षं सांगत आले. त्यांचं किती, हे मी कधी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. दादा, शेवटचं कधी केलं होतंत, असं विचारलं. ते म्हणाले, बायको अंदाजाने सांगायची. वहिनींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगी उरणला दिली होती. दादा दुपारी टपरीवर काहीतरी खात आणि रात्रीचं काय करत, ते मला माहीत नव्हतं.

धर्मकाट्यावर माणसाचं वजन होत नाही, तो दहा-दहा किलोंच्या टप्प्यानेच बोलतो. दवाखान्यात जायला दादा तयार नव्हते. म्हणून आम्ही त्यांच्या जुन्या गिरणीत गेलो. तराजू अजून होता. ज्या पारड्यात पोरं बसायची त्यात दादा इतक्या वर्षांत कधी बसलेच नव्हते, कारण मापं टाकायला ते स्वतः दुसऱ्या बाजूला लागत. मी म्हटलं, बसा, मी टाकतो. ते चपला काढून, मांडी घालून, पोरासारखे बसले. मी वीस-वीसची तीन मापं ठेवली. पारडं धाडकन जमिनीवर आलं. माझंच. दादा वर अधांतरी.

मी एक माप काढलं. मग दहाचं टाकलं. मग किलो-किलो करत गेलो. काटा सरळ झाला तेव्हा मी दोनदा मोजलं, कारण माझ्यावर माझा विश्वास नव्हता. त्रेपन्न.

दादांनी मापांकडे बघितलं. त्यांच्यासारख्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. ते हळूच खाली उतरले, चपला घातल्या, आणि मी खिशातून उत्तरासाठी आणलेला कोरा कागद काढला तसं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बासष्ट लिव," म्हणाले. "त्रेपन्न कळवू नको. इतक्या लांब बसून काळजी करंल तो."

मी बासष्ट लिहिलं. दादा बाजूला उभे राहून अक्षरं बघत होते. मग म्हणाले, "चौसष्टचा मी उगाच बोललो. त्याला सांग, चौसष्ट झकास हाय."