न तुटलेला कंस

विमान संशोधन संस्थेच्या वार्षिक आढाव्यात एक गंभीर बाब उघडकीस आली. धातू विभागात जो नमुना चाचणीला जातो, तो तुटतो. यशाचे प्रमाण शून्य.

विभागातल्या अभियंता बाईंना तातडीने बोलावणे आले.

"तुटेपर्यंत ताण दिला, की धातू किती सोसेल ते कळतं," बाईंनी सांगितले. "तोडणं हेच माझं काम आहे, साहेब."

"हे बाहेर कुठे बोलू नका," संचालक हळूच म्हणाले.

घरी आई हसली. "लहानपणी कपबशा फोडायचीस तेव्हा मी ओरडायचे. पुढे त्याचाच पगार मिळेल असं वाटलं नव्हतं."

"आता तिथेही ओरडतात, आई."

सुधारणा समिती बसली. प्रथम नमुन्यांवरचा ताण निम्मा करण्यात आला. तरीही काही हटवादी नमुने तुटले. मग तुटण्याची चिन्हे दिसताच, शक्यतो त्याआधीच, चाचणी थांबवण्याचा आदेश निघाला. अखेर यंत्र बंद ठेवून चाचण्या सुरू झाल्या आणि विभागाला निर्भेळ यश मिळाले. यंत्रावरचे मामा रोज निष्ठेने यंत्र पुसत. संस्थेला मानाची ढाल मिळाली. बाईंची बढती ठरली. नव्या विमानाचे इंजिन पंखाला धरून ठेवणारा कंस, म्हणजे ब्रॅकेट, निर्दोष असल्याच्या दाखल्यावर त्यांची सही तेवढी राहिली होती.

"मामा, जेवणाच्या सुट्टीत एक कंस लावा. यंत्र चालू करून."

"आणि तुटला म्हणजे?"

"इथे तुटलेला बरा. खाली जमीन आहे."

कंस तुटला. जितका टिकायला हवा होता, त्याच्या निम्माही टिकला नाही. बाईंनी दोन्ही तुकडे संचालकांच्या टेबलावर ठेवले.

संचालकांनी चष्मा लावून ते निरखले. "तुटण्यापूर्वी अखंड होता ना?"

"तुटण्यापूर्वी सगळंच अखंड असतं, साहेब."

"झालं तर मग! तसंच लिहा आणि सही करा."

बाईंनी सही केली नाही. बढती उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांच्या कारकिर्दीत काहीही तुटलेले नव्हते. त्यांनी सही केली, अक्षरही सुरेख होते.

विमानाच्या पहिल्या उड्डाणाच्या दिवशी समिती मोटारीने पुढे गेली, कारण स्वागताची तयारी पाहायची होती. त्यामुळे विमानात रिकाम्या झालेल्या जागा मोठ्या मनाने जनतेला देण्यात आल्या. 'चाचणीत एकही अपयश नाही,' ही जाहिरात तुम्ही वाचली असेलच.

विमानतळाच्या दाराशी बाई तुटक्या कंसाचे दोन तुकडे हातात घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येकाला ते दाखवत होत्या. लोक वळसा घालून जात होते. तुम्ही मात्र थांबलात. तुकडे हातात घेतलेत, एकमेकांना जुळवूनही पाहिलेत.

"अहो बाई, निघताना तरी शुभ बोला," तुम्ही म्हणालात, "आणि जरा बाजूला व्हा, मागे रांग खोळंबलीय."

तुमची जागा खिडकीपाशी आहे. तिथून पंखाखालचा कंस स्पष्ट दिसतो. तूर्तास तो अखंड आहे.