लिनक्सचं पोर्ट आणि सासूबाईंची टग

मंगळवारी सकाळी चष्मेवाल्याला दुकानात जाण्यापूर्वी फक्त एक कागद छापायचा होता. कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर आलं, ‘अपडेट चालू आहे, कृपया थांबा.’ चष्मेवाला थांबला. एका पायात बूट आणि दुसरा बूट हातात, अशा अवस्थेत तो चाळीस मिनिटं थांबला. अपडेट अकरा टक्क्यांवर पोचलं तेव्हा त्याने ठरवलं, की आता या घरात एक तर ही सिस्टिम राहील, नाही तर मी. (बायकोला विचारलं असतं तर निकाल कोणाच्या बाजूने लागला असता हे त्याला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.)

बायफोकल चष्म्याच्या एका प्राध्यापक गिऱ्हाइकाने त्याला लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमबद्दल सांगून ठेवलं होतं. “हलकं आहे, फुकट आहे, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय हात हलवत नाही.” विचारल्याशिवाय हात न हलवणारा असा त्या घरात आजवर चष्मेवाला एकटाच होता. त्याला सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

बुधवारी दुकान बंद असतं. बायको सकाळीच कामावर गेली. ती एका कुरिअर कंपनीत गाड्या आणि ड्रायव्हर यांचं वेळापत्रक सांभाळते, आणि दिवसभर फोनवर लोकांना ‘निघालाय, पोचेलच’ असं सांगते. सासूबाई आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होत्या. चष्मेवाल्याने लिनक्स बसवायला घेतलं. लिनक्सने विचारलं, ‘या डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का?’ चष्मेवाल्याने चष्मा पुसावा इतक्या सहजपणे ‘हो’ म्हटलं.

तासाभरात सगळं झकास झालं. कागद छापला गेला. चष्मेवाला खुर्चीत मागे रेलला आणि स्वतःवर खूश झाला. ही खुशी चारला दहा मिनिटं कमी असेपर्यंत टिकली.

चारला दहा मिनिटं कमी असताना सासूबाई रोज हॉलमध्ये येतात. त्या एका मोठ्या प्रसूतिगृहात चौतीस वर्षं सिस्टर होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद होता, टगबोटीचा गेम. अवाढव्य जहाज बंदराच्या तोंडाशी येऊन उभं राहतं, आपण छोट्याशा टगने त्याला दोर लावायचा आणि ओरखडा न पाडता धक्क्याला आणून ठेवायचं. सासूबाईंच्या मते यात त्यांना नवीन शिकण्यासारखं काहीच नव्हतं.

“जावईबापू, माझी टग कुठाय?”

“आई, आता आपल्याकडे लिनक्स आहे.”

“असू दे. टग कुठाय?”

“काळजी नको. तुमच्या गेमचं लिनक्स पोर्ट आहे. मी बघून ठेवलंय.”

“नवं पोर्ट?” सासूबाईंचा चेहरा खुलला. “खोल पाण्याचं आहे की गाळाचं?”

“तसलं पोर्ट नव्हे हो. गेम मुळात दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला असतो. तो तिकडून उचलून इकडे आणून बसवतात, त्याला पोर्ट म्हणतात.”

“म्हणजे तिकडून निघून इकडे लागतं. मग मी वेगळं काय म्हणाले?”

चष्मेवाल्याने वाद न घालता पोर्ट सुरू केलं. संगीत वाजलं, बंदर दिसलं, धक्का दिसला, जहाजही दिसलं. फक्त समुद्र नव्हता. जहाज हवेत तरंगत होतं आणि त्याच्या पोटाखाली करड्या रंगाचं मोकळं मैदान पसरलं होतं. सासूबाईंची टग त्या मैदानावर ट्रॅक्टरसारखी उभी होती.

“ओहोटी आहे का?” सासूबाईंनी विचारलं.

“येईल पाणी,” चष्मेवाला म्हणाला. (नळाला पाणी नसतं तेव्हाही तो हेच म्हणतो.)

“रविवारच्या आत आणा म्हणजे झालं. रविवारी चारला थिएटरवालीबरोबर सामना आहे.”

थिएटरवाली म्हणजे सासूबाईंची मैत्रीण, त्याच प्रसूतिगृहात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. निवृत्तीनंतर ती दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेली, पण चौतीस वर्षांची चढाओढ काही तिने मागे ठेवली नाही. वर्षातून एकदा दोघी एकच जहाज, एकच वारा घेऊन सामना खेळतात. जिच्या जहाजाला ओरखडे कमी, ती जिंकली. गेली दोन वर्षं थिएटरवाली जिंकली होती. यंदाही जिंकली तर ती काय म्हणणार, हे तिने आधीच फोन करून सांगितलं होतं, ‘ओढण्याचं काम तुझं कधीच नव्हतं गं, तू नुसती धीर द्यायचीस.’ त्या दिवशी सासूबाई जेवल्या नव्हत्या.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “अहो, जुनी सिस्टिम परत टाका ना.”

“नाही,” चष्मेवाला म्हणाला. लग्नानंतर इतक्या ठामपणे तो हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारत होता, त्यामुळे तो थोडा मोठ्याने निघाला. “पोर्ट आहे म्हटल्यावर चाललं पाहिजे. मी चालवणार. रविवारी आई याच पोर्टवर खेळतील आणि जिंकतील.”

गुरुवारी दुकान अकराऐवजी एकला उघडलं. पाणी आलं. पण पाण्याबरोबर सगळं सुस्तावलं. टग एका जागी गोठायची, मग एकदम पुढच्या जागी उगवायची. शिवाय एकदा वाजलेला भोंगा गेम बंद होईपर्यंत थांबतच नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन, बोट किती वाजता सुटते, अशी चौकशी केली.

“झालंय काय याला?” सासूबाईंनी विचारलं.

“फ्रेम्स कमी पडताहेत, आई. सेकंदाला सातच मिळताहेत.”

“अहो, मग दुकानातून आणा की! दोनशे नुसत्या टांगलेल्या आहेत तिथे.”

शुक्रवारी सकाळी त्याने सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि चित्राच्या सेटिंगा एकेक करून बदलायला घेतल्या. सावल्या काढल्या, लाटा कमी केल्या, धूर काढला. आणि नकळत त्याच्या तोंडून दुकानातलंच वाक्य निघालं.

“आता बघा. हे बरं, की मघाचं?”

“मघाचं.”

“आणि आता? हे, की हे?”

“दोन्ही सारखंच.”

दिवसाकाठी वीस गिऱ्हाइकं चष्मेवाल्याला हेच उत्तर देतात, आणि तो ‘ठीक आहे’ म्हणून मधला नंबर लिहून देतो. इथे मधला नंबर नव्हता. सावल्या, लाटा आणि धूर काढून झाल्यावर बंदर एखाद्या मुलाने पट्टीने काढलेल्या चित्रासारखं दिसत होतं आणि टग तरीही अडखळतच होती.

मग तो लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर गेला. तिथे ‘गंजका नांगर’ या टोपणनावाच्या कोणीतरी त्याला लगेच उत्तर दिलं, ‘ते पोर्ट सोडा. कंपनीने ते एकदा बनवलं आणि नंतर त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या सिस्टिमचाच गेम घ्या आणि दुभाष्यातून चालवा. सेटिंगमध्ये एक चौकट आहे, तिच्यात बरोबरची खूण करा. दुभाष्या त्या गेमचं बोलणं लिनक्सला समजावून सांगतो. पोर्टपेक्षा चांगलं चालतं.’

चष्मेवाल्याला हे अपमानास्पद वाटलं. घरचं हक्काचं पोर्ट असताना दुभाष्या कशाला? त्याने नांगराला ‘आभारी आहे’ असं कोरडं उत्तर लिहिलं आणि गेमच्या कंपनीला तक्रारीचं पत्र धाडलं. मग दुसरं. शुक्रवार संपेस्तोवर अठरा पत्रं झाली. दुकानात त्याने एका आजोबांना दूरचा चष्मा जवळचा म्हणून दिला. आजोबा तोच लावून घरी गेले. भला माणूस.

शनिवारी त्याने चित्र दाखवणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बदलायला घेतला. बायको बाहेरून येत होती.

“का डोकं धरून बसलात?”

“ड्रायव्हर मिळत नाहीये.”

“किती वाजता हवाय?” तिने पर्स खाली ठेवायच्या आत फोन काढला. “दोन रिकामे बसलेत. गाडी लहान लागेल की मोठी?”

ड्रायव्हर अखेर मिळाला, पण तो कॉम्प्युटरला मानवला नाही. पडदा काळाठिक्कर पडला. चष्मेवाल्याने शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला, त्यावर वाचत वाचत काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टंकत राहिला. एक अक्षर चुकलं की सगळं पहिल्यापासून. पाठ आखडली, चहा दोनदा गार झाला, पण तो उठला नाही. दुपार कलताना बंदर परत दिसलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ समुद्रातही आलं. आता सेकंदाला वीस फ्रेम्स, म्हणजे वीस चित्रं, मिळत होती. अजून किती वाढतात हे पाहायला त्याने चार मोजपट्ट्या मागे चालू करून ठेवल्या. एक फ्रेम्स मोजणारी, एक कार्डाचा ताप बघणारी, एक मेमरी बघणारी, आणि एक सगळं चित्रित करून ठेवणारी. नांगराला पुरावा दाखवायचा होता.

रविवारी साडेतीनला सासूबाई चष्मा पुसून, केस घट्ट बांधून बसल्या. थिएटरवालीला फोन जोडून कानाला हेडफोन लावला. चारला वीस मिनिटं कमी असताना त्यांनी ‘सामना’ हे बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘तुमची आवृत्ती जुनी आहे. प्रतिस्पर्ध्याची आवृत्ती नवी आहे. जोडणी होऊ शकत नाही.’

“म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं.

कंपनीने पोर्टकडे ढुंकून बघितलं नाही म्हणजे नेमकं काय, ते चष्मेवाल्याला आत्ता कळत होतं. बाकीचं जग दोन आवृत्त्या पुढे गेलं होतं आणि पोर्ट तिथेच नांगर टाकून बसलं होतं.

“म्हणजे या पोर्टमधून तिकडे जाता येत नाही, आई.”

हेडफोनमधून थिएटरवालीचा आवाज हॉलभर ऐकू आला, “काय गं, घाबरलीस का?”

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. चौतीस वर्षं दाराबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्यांकडे त्या याच नजरेने पाहत आल्या असणार. चष्मेवाल्याने सेटिंग उघडली आणि नांगराने सांगितलेल्या चौकटीत खूण केली.

गेम पुन्हा उतरायला लागला. बायकोने घरातले सगळे फोन इंटरनेटवरून तोडले. “निघालाय, पोचेलच,” ती सवयीने म्हणाली. चारला दोन मिनिटं कमी असताना पोचला.

समुद्र निळा होता. सावल्या होत्या, धूर होता, भोंगा एकदाच वाजून थांबला. सामना सुरू झाला, आणि सासूबाईंनी दोर लावताच चित्र अडकलं. दोन सेकंदांनी सुटलं. परत अडकलं.

चष्मेवाला जागच्या जागी वाकला. “गेलं! आई, थांबा, मी—”

“हात लावू नका,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “कळा येताहेत. मध्ये ओढायचं नाही.” चित्र अडकलं की त्या हात सैल सोडत. सुटलं की म्हणत, “हं, आता!” आणि ओढत. “थांब बाई, थांब. घाई नाही. हं, आता! शाब्बास.” दोनशे मीटर लांबीचं ते पोलादी धूड एका अनुभवी हाताखाली इंचाइंचाने पुढे सरकायला लागलं. बायको आईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

जहाज अर्ध्या वाटेवर आलं तेव्हा बायकोचं लक्ष पडद्याच्या कडेला गेलं. “अहो, हे मागे चार काय काय चाललंय?”

“त्या मोजपट्ट्या आहेत. गेम का अडकतोय हे मोजताहेत.”

“आणि त्या चालवायला कॉम्प्युटरला ताकद लागत नाही का?”

चष्मेवाल्याने एकेक करून चारही बंद केल्या. समुद्र एकदम तुपासारखा गुळगुळीत झाला. सासूबाईंनी एक लांब श्वास सोडला आणि जहाज धक्क्याला असं टेकवलं, की कडेला झोपलेला चित्रातला पक्षीसुद्धा उठला नाही. ओरखडा एकही नाही. थिएटरवालीचे तीन.

हेडफोनमधून आवाज आला, “ओढतेस बाई तू.” सासूबाईंनी हेडफोन काढून डोळ्यांना पदर लावला, आणि त्या रात्री दोन वाट्या जास्त जेवल्या.

महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं. चष्मेवाल्याच्या एकतीस पत्रांना मिळून ते एकच होतं. त्याने ते उभं राहून वाचून दाखवलं. ‘तुमच्या चिकाटीमुळे आम्ही लिनक्स पोर्ट नव्याने दुरुस्त केलं आहे. आमच्या नोंदीप्रमाणे लिनक्स पोर्टवर हा गेम खेळणारं जगात एकच घर आहे. तेव्हा नवं पोर्ट कोणत्या परिस्थितीत सर्वांत चांगलं चालतं, हे त्या घरातल्या खेळाडूने कृपया दोन ओळींत कळवावं.’

चष्मेवाल्याची छाती फुगली. तो टग चालवणाऱ्या सासूबाईंशेजारी कॉम्प्युटरसमोर बसला, बोटं मोडली आणि कार्ड, ड्रायव्हर, मेमरी अशी जुळवाजुळव मनात करू लागला.

“खेळाडूने कळवायचंय ना?” सासूबाई टगवरून नजर न हलवता, अजून परत न केलेल्या शेजाऱ्यांच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाल्या. “माझा कॉम्प्युटर सोडा आणि तिकडे बसून मी सांगते ते लिहा. एकच ओळ आहे.”

“सांगा, आई.”

“लिहा, जावई दुकानात गेले की उत्तम चालतं.”