ओळखीचे टायर

कोणत्याही तपासणीचा पाया ओळख हा आहे. सोनार ओळखीच्या माणसाचे सोने डोळे मिटून घेतो, आणि मुलीकडचे लोक मुलाची चौकशी ओळखीच्याच घरी करतात. अनोळखी वस्तू तपासणे म्हणजे रस्त्यात कुणालाही थांबवून 'जीभ दाखव' म्हणण्यासारखे आहे. हे तत्त्व पुष्कळांना ठाऊक असेल, पण ते पुरतेपणी अमलात आणणारे एकच ठिकाण माझ्या पाहण्यात आहे. ते म्हणजे आमचे वाहन योग्यता तपासणी केंद्र.

हे केंद्र पूर्वी सक्करदऱ्याला तलावाजवळ होते. तिथून ते अमरावती रोडवर वाडीकडे हलवले, तेव्हा लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून पाटी लावायचे ठरले. पाटी एकच मंजूर झाली. ती जुन्या जागी लागली, 'केंद्र येथे नाही' अशी, आणि नवी जागा बिनपाटीची राहिली. (नव्या पाटीचा प्रस्ताव एकाहत्तर साली वर गेला आहे. आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे. घाई कुणालाच नाही.) त्यामुळे केंद्र कुठे नाही हे अख्ख्या नागपूरला पक्के माहीत आहे. कुठे आहे ते वाडीच्या पानठेल्यावर विचारावे लागते. पानवाला चुना लावता लावता, मान वर न करता सांगतो, "सीधा जा गा. जिथं गाड्या बिनाचाकाच्या इटांवर उभ्या दिसतीन, थेच सेंटर."

मी कृष्णकांत. केंद्रासमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. चौदा वर्षे झाली. केंद्र सक्करदऱ्याहून निघाले तेव्हा मीही टेबलासकट निघालो. सरकारी बदलीचा भत्ता मात्र फक्त केंद्राला मिळाला. माझ्या हातचा अर्ज आजवर एकदाही परत आलेला नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

आता नियम. तपासणीचे नियम एकूण एक्केचाळीस. ते इंग्रजीत आहेत आणि कपाटात आहेत. रोजच्या वापरात पाच पुरतात. टायरच्या नक्षीत काडीपेटीच्या काडीचे डोके बुडाले पाहिजे. (काडी निरीक्षकसाहेबांची. गाडीवाल्याची काडी चालत नाही, ती लांब असू शकते.) हॉर्न वाजला पाहिजे. वायपर हलला पाहिजे, पाऊस असो नसो. गाडीत औषधांची पेटी पाहिजे. आणि गाडी वीस पावले धावून पांढऱ्या रेषेवर थांबली पाहिजे, म्हणजे ब्रेक पास. रेषेच्या अलीकडे जमिनीला चढ आहे. बिनब्रेकची गाडीसुद्धा तिथे आपसूक दम खाते. जागा निवडणाऱ्याची ही दूरदृष्टी पाहून मला अजूनही भरून येते.

या पाच नियमांसाठी लागणारा सगळा माल केंद्राच्या शेजारी भैय्याजींच्या दुकानात मिळतो. चार टायर, एक हॉर्न, एक वायपर, एक पेटी. याला 'पासिंगचा सेट' म्हणतात. गाडीवाला येतो, आपली गुळगुळीत चाके काढून भैय्याजींकडे अनामत ठेवतो, सेट चढवतो, ऐंशी पावले चालवत केंद्रात जातो, पास होतो, ऐंशी पावले परत येतो आणि सेट उतरवून देतो. गेल्या साली केंद्राने अकराशे त्रेचाळीस गाड्या पास केल्या. त्यांपैकी एक हजार शहाण्णव या चार टायरांवर. एवढ्या वेळा तपासलेले टायर हिंदुस्थानात दुसरे नसतील. औषधांच्या पेटीची किल्ली पंच्याहत्तर सालीच हरवली, पण पेटी पास होण्यात आजतागायत अडथळा आला नाही. (एकदा पत्र्याने साहेबांचेच बोट कापले. पेटी मागवली, तर ती एका ट्रकबरोबर तपासणीत गुंतली होती. साहेबांना सायकलवर डबलसीट दवाखान्यात नेले.)

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात भाद्रपदाच्या शेवटी आनंदराव नावाचा माणूस स्वतःचे टायर घेऊन आला.

आनंदराव उमरेडकडचे. बावीस वर्षे वाडीच्या गोदामांतून दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि आता स्वतःची एक जुनी मेटॅडोर घेतली. माणूस कमी बोलणारा. पण अर्ज लिहिताना 'प्रयोजन' या रकान्यापाशी मी थांबलो, तसे ते बोलले.

"छप्पन साली आमच्या गावचे अठरा जण दीक्षेले पायी आले होते, किसनभाऊ. माहा बाप बळीराम त्याईच्यात होता. आता एक्क्याऐंशी वर्साचा हाये. गुडघे गेले. म्हने, मराच्या आंदी एकडाव दीक्षाभूमी पाह्यतो. मी शब्द देल्ला. येत्या दसऱ्याले सगळ्या म्हाताऱ्याईले गाडीत बसवून आनतो म्हनलं."

कागदाची मुदत दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी संपत होती. दसऱ्याला नाक्यानाक्यावर पोलीस उभे असतात, आणि बिनकागदाची गाडी म्हाताऱ्यांसकट तिथेच बाजूला लावतात. म्हणून आनंदरावांनी नवेकोरे चार टायर बसवले होते, ब्रेक स्वतःच्या हाताने खोलून दुरुस्त केले होते, आणि औषधांच्या पेटीत चक्क औषधे होती. प्रयोजनाच्या रकान्यात मी 'खाजगी' असे लिहिले. रकाना लहान होता.

निरीक्षक मधुकरराव साहेब गाडीभोवती एक फेरी मारून टायरापाशी उभे राहिले. काडी काढली, आणि परत ठेवली.

"हे टायर कोणाचे?"

"माहेच हायेत, सायेब."

"मी यांना कधी पाहिलेलं नाही."

"नवे हायेत, सायेब. काल बसवले."

"म्हणजे यांचा काहीच अनुभव नाही," साहेब म्हणाले. "त्या चार टायरांची मी हमी देतो. शंभर वेळा पाहिलेत. यांची हमी कशी देऊ? उद्या काही झालं तर माझी सही आहे खाली."

बोला आता! यात खोड काढायला जागा आहे का? मला तर सापडली नाही. पुढे ब्रेकची परीक्षा झाली. गाडी रेषेच्या चार पावले आधीच थांबली, म्हणजे रेषेवर थांबली नाही. हॉर्न इतका अचानक वाजला की साहेबांचा चहा बशीत सांडला. वायपर ठीक होता, पण तीन गोष्टी वाईट निघाल्यावर एक चांगली म्हणणे साहेबांना पक्षपाती वाटले. शेरा पडला : 'टायर अपरिचित. ब्रेक उतावीळ. नापास.'

आनंदराव माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"काहून गा, किसनभाऊ? चांगली गाडी नापास, अन् थे इटांवरची पास?"

मी त्यांना भैय्याजींच्या दुकानाकडे बोट दाखवले. तसे ते उठलेच. "थे जमनार नाई. माहा बाप बसनार हाये त्याच्यात," म्हणाले.

माणूस हट्टी असला की नियमांचा अभ्यास होतो. आठ दिवसांनी आनंदराव पुन्हा आले. ब्रेक थोडा सैल केला होता, हॉर्नच्या तोंडाला फडके बांधले होते. सोबत म्हातारे बळीराम, सीटवर पांढरे धोतर सावरून ताठ बसलेले, आणि आनंदरावांच्या घरच्या कांताबाई. बळीरामांनी साहेबांना आतूनच 'जयभीम' घातला. साहेबांनीही केला. माणूस वाईट नाही. पण टायरांपाशी येऊन पुन्हा थांबले. "हे तेच का?" म्हणाले, आणि पुन्हा नापास लिहिले. फक्त 'अपरिचित' खोडून 'अल्पपरिचित' केले. मी आनंदरावांना म्हटले, प्रगती आहे.

"प्रगती आपल्या घरी ठेवा, भाऊ," कांताबाई कडाडल्या. "दसऱ्याले सात दिवस राह्यले. बुढे लोकं धुनं धुऊन, पांढरे लुगडे घडी करून बसून राह्यले. जयवंताबाई त रोज पुसते, गाडी केव्हा येते वं? मी काय सांगू तिले?" मग नवऱ्याकडे वळल्या. "घ्या नं त्या मानसाचे चाकं एक घंटाभर! कागद घेऊ, अन् आपले लावून घेऊ. कोन पाह्यते?"

आनंदरावांनी गाडीत बसलेल्या बापाकडे पाहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "बरं." तो 'बरं' मला आवडला नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण सल्ला माझाच होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा नंबर लागला. नवे टायर त्याआधीच्या संध्याकाळीच उतरून भैय्याजींकडे अनामत गेले होते, गाडी रात्रभर विटांवर होती; सकाळी सेट चढला. साहेब सेट पाहून खुलले. "आले का!" असे टायरांनाच म्हणाले, आणि वरून दोन थापा मारल्या. काडी काढलीसुद्धा नाही. अकरा मिनिटांत कागद हातात, वर्षभराचा, शिक्क्यासकट. अक्षर माझे.

आनंदराव ऐंशी पावले परत आले, सेट उतरवला आणि आपले टायर मागितले.

भैय्याजी दुकानाच्या फळीवर बसून फोडणीचा चिवडा खात होते. हा माणूस स्वभावाने शांत आहे. "देखो भाऊ," ते म्हणाले, "दसऱ्याची गर्दी हाय. रोजच्या चाळीस गाड्या, सेट एक. कसा पुरन? तुमचे टायर सायबानं दोनदा पाह्यले होते, म्हंजे वळखीचे झाले. म्हनून मी त्याईचा दुसरा सेट केला. जरीपटक्याचा एक मानूस घेऊन गेला, पास बी झाला. आता वापस येवाचा त तो आलाच नाई."

घ्या! म्हणजे आनंदरावांचे टायर नापास झाले ते वाया गेले नव्हते. दोनदा नापास होऊन होऊन ते पास होण्याच्या योग्यतेचे झाले होते, आणि तिसऱ्या खेपेला दुसऱ्याच्याच गाडीखाली पास झाले. इतका चोख कारभार मी दुसऱ्या खात्यात पाहिलेला नाही.

"अन् मी काय लावू गाडीले?" आनंदरावांनी विटांवरच्या गाडीकडे बोट दाखवले.

"त्याची अनामत हाय नं माह्याजवळ," भैय्याजींनी चिवड्याचा हात झटकून कोपऱ्यातल्या चार टायरांकडे दाखवले. ते गुळगुळीत तर होतेच, एकाच्या पोटातून आतले कापड डोकावत होते. "हे घेऊन जा. कागद हाय नं तुमच्याजवळ? मंग कोन पुसते?"

आनंदरावांनी दिवसभर जरीपटक्याच्या बाजारात गल्ली न् गल्ली पालथी घातली. तो माणूस सापडला नाही. संध्याकाळी ते त्याच चार टायरांवर, रस्त्याच्या कडेकडेने, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत गावी पोचले. वाटेत दोनदा चाक बदलावे लागले. एकदा गाडी उतारावरून सरकत पुलाच्या कठड्यापाशी थांबली. (नाक्यावर पोलिसांनी अडवले, कागद पाहिला आणि सलाम करून सोडले.)

दसऱ्याला सकाळी अठराही म्हातारे गाडीपाशी उभे होते. अठरा कसले, बावीस वर्षांत नऊच उरले होते. बाकीच्यांच्या जागी त्यांच्या आठवणीची एकेक पांढरी फुलांची माळ पिशवीत घेतली होती. आनंदराव गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि कुणाला चढू देईनात.

"कागद भेटला म्हने नं, बाबू?" बळीरामांनी विचारले.

"भेटला, बाबा."

"मंग?"

"कागदच भेटला. गाडी गेली," आनंदराव म्हणाले, आणि इतके दिवस आवरलेले रडू त्यांना तिथे सगळ्यांदेखत आले.

शेवटी गावातल्या तीन बैलबंड्या जुंपल्या. बैलबंडीला योग्यतेचा कागद लागत नाही. सकाळी निघालेले लोक दिवे लागल्यावर पोचले. सभा आटोपली होती, माणसे परतीला लागली होती, मैदानात मांडवाचे बांबू सोडणे चालू होते. बळीरामांना दोघांनी धरून खाली उतरवले. त्यांनी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. म्हणाले, "छप्पन सालीबी यालेच रात झाली होती." आनंदरावांनी हे मला सांगितले तेव्हा मला वाईट वाटले. मी त्या दिवशी दोन अर्ज फुकट लिहून दिले, तरी वाटणे थांबले नाही.

नवे टायर घेण्याची ऐपत पुन्हा नव्हती. दिवाळीनंतर आनंदरावांनी मेटॅडोर विकली. घेणाऱ्याला टायर बोट लावून दाखवले. त्याने कागद बोट लावून दाखवला. हा घेणारा म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करणारा कंत्राटदार, तुमच्या मुलांच्या शाळेचा.

तुम्हाला आठवत असेल. ही गाडी ठेवावी की नाही, यावर पालकांची सभा झाली. कंत्राटदाराने मलाही नेले होते, कागदपत्रांचा जाणकार म्हणून. आनंदराव न बोलावता आले, मागच्या भिंतीशी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मी मूळ मालक. पह्यले टायर बदलवा, मंग पोट्टे बसवा." सभेत चुळबुळ झाली. तेव्हा तिसऱ्या रांगेतून तुम्ही उठलात. "कागद चालू आहे की नाही, तेवढं सांगा," असे तुम्ही म्हणालात. मी कागद वर धरला. "मग झालं तर! उगीच वेळ कशाला घालवता?" म्हणून तुम्ही खाली बसलात, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उठून बाहेर जाऊन टायर कुणी पाहिले नाहीत. गाडी दारातच उभी होती.

उद्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती तुमच्या घरासमोर येईल. मुलांना वेळेवर तयार ठेवा.