बिनविस्तवाचे लाडू

आमच्या घरात फोडणी पडली की समोरच्या खानविलकर काकांचं दार उघडायचं. काका बनियनवर बाहेर यायचे, जिन्यात उभे राहून हुंगायचे आणि आमची बेल दाबायचे. "जाधव, शेगडीपाशी माणूस आहे ना?" आहे म्हटलं तरी आत येऊन बघून जायचे. मीरा रोडला आम्ही दोन हजार तीन साली राहायला आलो, आणि वर्षभरातच मला त्या बेलचा धसका बसला.

काकांनी तीस वर्षं एका कापड कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. अशा माणसाने निवृत्तीनंतर विस्तवाशी उभा दावा मांडावा, हे अजबच. एक दिवस त्यांनी घरातली शेगडी आणि सिलिंडर दोन्ही काढून टाकलं. जेवणाचा डबा बी विंगमधून यायला लागला. गोड मात्र घरीच व्हायचं, तेही न शिजवता. काळा खजूर, अंजीर, बदाम, सुकं खोबरं, वर वेलची. काका मिक्सर फिरवायचे, काकी लाडू वळायच्या. "सूर्यानं एकदा शिजवलंय, जाधव. आपण परत कशाला शिजवायचं? आग दाखवली की जीव गेला."

हे व्याख्यान प्रत्येक लाडवाबरोबर फुकट. लाडू चविष्ट, पण चिवट. माझ्या वडिलांची कवळी एकदा त्यात रुतून बाहेर आली, तेव्हा काका समाधानाने म्हणाले, "बघा, नैसर्गिक चिकटपणा." आणि हाच माणूस एका सकाळी रिक्षा स्टँडच्या टपरीवर कटिंग चहा पिताना मला सापडला.

"काका, हा उकळलेला आहे."

"बाहेरचा विस्तव बाहेर राहतो," ते म्हणाले आणि फुंकर मारून घोट घेतला. माणूस ढोंगी आहे, असं माझं मत पक्कं झालं.

माझ्या मुलीचं बारसं ठरलं आणि काकांनी परस्पर जाहीर केलं, "लाडू आमच्याकडून." मला साठ पाहुणे आणि त्यांच्या कवळ्या दिसायला लागल्या. माझी बायको सुजाता म्हणाली, "मला बेसनाचेच पाहिजेत, काकींच्या हातचे." आम्ही नवीन आलो तेव्हा काकींनी दिलेले बेसनाचे लाडू आम्ही विसरलो नव्हतो. तिने जिन्यात काकींना हळूच विचारलं. काकींचा चेहरा असा उजळला की सुजाताला भरूनच आलं. "बिचारीला कोंडून ठेवलंय त्यांनी," ती म्हणाली.

ते खरंही होतं. काका दर शनिवारी काशीमीऱ्याच्या नाक्यावर खजूर आणायला जायचे, तेव्हा काकींना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचे. किल्ली मात्र माझ्याकडे, अडीअडचणीला म्हणून. जाऊन येऊन दीड तास.

त्या शनिवारी काका रिक्षात बसलेले गॅलरीतून बघितले आणि मी कुलूप उघडून काकींना आमच्याकडे आणलं. वास जिन्यात जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावला. काकींनी पदर खोचला, कढईत तूप सोडलं, बेसन घातलं. हात अगदी सराईत होता. मी हॉलमध्ये घड्याळाकडे बघत बसलो. आपल्याच घरात चोरी करतोय असं वाटत होतं.

बाळ रडलं म्हणून सुजाता आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने काकी बाहेर आल्या, माझ्यासमोर सोफ्यावर बसल्या आणि छान हसल्या.

"तू कुठल्या मजल्यावर राहतोस रे?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "इथेच की काकी, तुमच्या समोर."

"असं होय. ये ना एकदा घरी. बेसनाचे लाडू देईन."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. तेवढ्यात बेल वाजली, आणि वाजतच राहिली.

दार उघडलं तसे वेळेआधीच परतलेले काका मला ढकलून चपलांसकट स्वयंपाकघरात घुसले. कढईतून काळा धूर येत होता आणि शेजारचं फडकं पेटलं होतं. काकांनी बटण बंद केलं, मग रेग्युलेटर. फडकं सांडशीने उचलून सिंकमध्ये टाकलं, खिडकी उघडली. एकही हालचाल वाया गेली नाही. हे सगळं त्यांनी पूर्वी स्वतःच्या घरात केलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आत बाळ होतं.

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. धूर बघून त्या घाबरल्या.

"अगं बाई. कढई कोणी ठेवली?"

मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "मीच ठेवली. विसरलो."

"तुम्ही ना," काकी म्हणाल्या, "लक्ष म्हणून नसतं."

"हो गं. वय झालं." त्यांचा हात अजून रेग्युलेटरवर होता.

जाताना काकांनी माझ्याकडून फक्त किल्ली परत मागितली. मला माझीच फार लाज वाटली.

बारशाला खजुराचे लाडू आले, डबा भरून. बायकांच्या घोळक्यात काकी रंगून सांगत होत्या, "बेसन घाईनं भाजायचं नाही. मंद आचेवर पाऊण तास, हात न थांबवता." बायका हातातल्या काळ्या लाडवाकडे बघायला लागल्या, मग काकांकडे. त्यांचं व्याख्यान सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं.

"काका, तुम्ही तर म्हणता, आग दाखवली की..." एकीने सुरुवात केली.

"पाऊण तास भाजत होती," काका म्हणाले. "मी शेजारीच उभा होतो."

मी डब्यातून आणखी एक लाडू उचलला. "काकी," मी म्हणालो, "बेसन छान भाजलंय."